एकच नाव उरले, तरी मतदान व्हावे

७ मे २०२४ रोजी रायपुरात लोकसभेसाठी मतदान झाले, तेव्हा मतदान कक्षात एकाला लागून एक अशी तीन बॅलट युनिट्स मांडावी लागली. उमेदवार ३८, शेवटी ‘नोटा’, म्हणजे एकूण ३९ बटणे. आणि एका युनिटवर सोळाच मावतात. आत गेलेल्या मतदाराला हवे ते चिन्ह पहिल्याच यंत्राच्या वरच्या भागात सापडते, कारण मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, मग नोंदणी आहे पण मान्यता नाही असे पक्ष आणि शेवटी अपक्ष, असा क्रम ठरलेला असतो. उरलेल्या दोन यंत्रांवरच्या नावांचा निकालाशी फारसा संबंध आला नाही. मोजणी झाली तेव्हा भाजपचे बृजमोहन अग्रवाल काँग्रेसच्या विकास उपाध्याय यांच्यापेक्षा ५,७५,२८५ मतांनी पुढे होते. एवढ्या मोठ्या फरकाने कोणी रायपुरात अवाक झाल्याचे मला तरी दिसले नाही. तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांपासून नव्या वसाहतींपर्यंत निकाल सर्वांना आधीच ठाऊक होता. चर्चा फक्त लीड किती, याची.

रायपूरची लोकसभेची जागा १९९६ पासून एकाच पक्षाकडे आहे. रमेश बैस १९८९ मध्ये येथून पहिल्यांदा निवडून आले, १९९१ मध्ये विद्याचरण शुक्लांकडून हरले आणि १९९६ ते २०१४ सलग सहा वेळा जिंकले. श्यामाचरण शुक्ल आणि भूपेश बघेल ही मंडळीही त्यांच्यासमोर पडली. मराठी वाचकांना बैस आठवतील ते महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून. सात वेळा खासदार झालेल्या या माणसाला २०१९ मध्ये मतदारांनी घरी बसवले नाही. पक्षाने छत्तीसगडमधल्या आपल्या दहाच्या दहा खासदारांची तिकिटे कापली, त्यात त्यांचेही कापले गेले. त्यांच्या जागी माजी महापौर सुनील सोनी आले आणि साडेतीन लाखांच्या आसपास मतांनी जिंकले. पाच वर्षांनी सोनींचेही तिकीट गेले आणि रायपूर दक्षिणचे आमदार अग्रवाल दिल्लीला गेले. त्यांच्या रिकाम्या झालेल्या विधानसभेच्या जागेवर नोव्हेंबर २०२४ च्या पोटनिवडणुकीत उभे राहून निवडून आले ते सोनीच. खासदार आमदार झाला, आमदार खासदार झाला. दोन्ही वेळा मतदारांनी मत दिले, पण ही अदलाबदल मतदारांच्या मनात उपजली नव्हती.

अशा निकालांकडे बोट दाखवून ‘आपल्याकडे आता एकाच पक्षाचे राज्य आहे’ असे म्हणणारे बरेच भेटतात. मला ते मान्य नाही. याच छत्तीसगडने २०१८ च्या विधानसभेत पंधरा वर्षांचे भाजपचे सरकार पाडून काँग्रेसला ९० पैकी ६८ जागा दिल्या आणि सहा महिन्यांच्या आत लोकसभेच्या ११ पैकी ९ जागा पुन्हा भाजपला दिल्या. २०२३ मध्ये विधानसभाही परत फिरवली. राज्य आणि केंद्र यांचा हिशेब वेगळा ठेवणारा आणि पाच वर्षांत सरकार बदलणारा मतदार एकपक्षीय राजवटीतला मतदार नव्हे. तीस वर्षे एकाच पक्षाला मत देणे हा त्याचा अधिकार आहे, आणि ज्यांना हा निकाल रुचत नाही त्यांनीही त्या अधिकाराचा मान राखला पाहिजे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत देशभर काँग्रेसचे असेच वर्चस्व होते. रजनी कोठारींनी १९६४ मध्ये त्याला ‘काँग्रेस सिस्टीम’ म्हटले, हुकूमशाही म्हटले नाही.

मग एकपक्षीय राज्य ओळखायचे कशावरून? मतपत्रिकेवर नावे किती, यावरून नक्कीच नाही. व्हिएतनाममध्ये एकच पक्ष आहे, तरी २०२१ च्या राष्ट्रीय सभेच्या निवडणुकीत ५०० जागांसाठी ८६८ उमेदवार होते. कोण उभे राहू शकते हे आधीच्या बैठकांच्या फेऱ्यांत पितृभूमी आघाडी नावाची, पक्षाच्याच छायेतली संघटना ठरवते. मतदान त्यानंतरचे. माझ्या मते खूण दुसरीच आहे. समोर ठेवलेल्या माणसाला मतदार ‘नको’ म्हणू शकतो का, आणि त्याने नको म्हटल्यावर त्या माणसाचे काही बिघडते का? या दोन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तिथे पक्ष पन्नास असोत, निवडणूक झालेली नसते.

या कसोटीला जगातली सर्वांत कुप्रसिद्ध एकपक्षीय व्यवस्था लावून पाहिली, तर एक विचित्र गोष्ट हाती लागते. सोव्हिएत संघात मतपत्रिकेवर बहुधा एकच नाव असे. मतदाराने ती तशीच पेटीत टाकली की मत त्या नावाला. पण कायद्याने त्याला ते नाव खोडता येत असे, आणि निम्म्याहून अधिक मते मिळाल्याशिवाय उमेदवार निवडून आला असे धरले जात नसे. अनेक दशके हा अधिकार कागदावरच राहिला. नाव खोडायला पडद्याआड जाणारा माणूस लगेच नजरेत येई. २६ मार्च १९८९ ला लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसची निवडणूक झाली तेव्हा ही भीती ओसरली होती. लेनिनग्राडमध्ये तिथल्या विभागाचे पक्षप्रमुख, पॉलिटब्युरोचे उमेदवार-सदस्य युरी सोलोव्योव एकटेच उभे होते. समोर कोणीही नाही, आणि तरी ते पडले. लोकांनी त्यांचे नाव खोडले. सव्वादोन महिन्यांनी, ४ जूनला, पोलंडमध्ये तेच मोठ्या प्रमाणावर घडले. राजवटीने आपल्या ३५ बड्या नेत्यांची वेगळी राष्ट्रीय यादी केली होती. त्यांच्याविरुद्ध कोणी उभे राहणार नव्हते, अट होती ती फक्त निम्म्याहून अधिक मतांची. ३५ पैकी ३३ जण नापास झाले, त्यात पंतप्रधान राकोव्स्कीही होते. पुढे जे झाले ते सर्वांना माहीत आहे.

आता आपला कायदा पाहू. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ५३, पोटकलम २: रिंगणातल्या उमेदवारांची संख्या भरायच्या जागांइतकीच असेल, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने त्यांना ताबडतोब निवडून आलेले म्हणून जाहीर करायचे. यंत्र बाहेर काढायचे नाही, बूथ लावायचा नाही, बोटाला शाई लावायची नाही. एप्रिल २०२४ मध्ये सुरतेत हेच झाले. काँग्रेसच्या उमेदवाराच्या अर्जावरच्या सूचकांनी सह्या आपल्या नाहीत असे सांगितले, अर्ज बाद झाला, त्याच पक्षाचा पर्यायी अर्जही बाद झाला, बाकीच्या सर्वांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल खासदार झाले. मतदानाची तारीख ७ मे होती. रायपूरची होती तीच. सोळा लाखांहून अधिक मतदारांच्या त्या मतदारसंघात त्या दिवशी लोकसभेचे मतदान झालेच नाही. सोव्हिएत कायद्याने लेनिनग्राडच्या मतदाराला एकट्या उमेदवाराला पाडण्याचा जो अधिकार दिला होता, तो आपल्या कायद्याने सुरतेच्या मतदाराला दिलेला नाही. हे लिहिताना मला लाज वाटते. आपल्या लोकशाहीवर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच तिच्या कायद्यात हे कलम पंचाहत्तर वर्षे कसे टिकले, याचा राग येतो.

सुरतेचे नाव देशभर झाले. छत्तीसगडने मात्र हे जवळजवळ सारे दहा वर्षे आधीच पाहिले होते. कांकेर जिल्ह्यातला अंतागड हा आदिवासींसाठी राखीव मतदारसंघ. तिथले भाजपचे आमदार विक्रम उसेंडी २०१४ मध्ये लोकसभेवर गेले आणि सप्टेंबरात पोटनिवडणूक लागली. काँग्रेसने मंतूराम पवार यांना उभे केले. छाननी पार पडली, अर्ज वैध ठरला, आणि माघारीची मुदत संपत असताना पवारांनी अर्ज मागे घेतला. अपक्षांनीही एकामागून एक माघार घेतली. काँग्रेसला दुसरा माणूस देण्याची सोय उरली नव्हती, कारण मुख्य उमेदवाराचा अर्ज वैध ठरला की पर्यायी उमेदवाराचा अर्ज तिथेच संपतो. रिंगणात दोघेच राहिले: भाजपचे भोजराज नाग आणि आंबेडकराइट पार्टी ऑफ इंडियाचे रूपधर पुडो. पुडो यांनीही कागद मागे घेतला असता, तर अंतागडचा निकाल सुरतेसारखाच अधिकाऱ्याच्या टेबलावर लागला असता. एका लहान पक्षाच्या एका उमेदवाराने माघार घेतली नाही, एवढ्यामुळे तिथे मतदान झाले.

या माघारीमागे काय घडले, यावर रायपूरचे राजकारण पुढे पाच-सहा वर्षे तापत राहिले. डिसेंबर २०१५ मध्ये सौद्याची बोलणी म्हणून काही ध्वनिफिती वृत्तपत्रातून बाहेर आल्या. ज्यांची नावे आली त्यांनी आरोप नाकारले. सरकार बदलल्यावर २०१९ मध्ये रायपुरात गुन्हा नोंदला गेला. खरेखोटे करणे न्यायालयांचे काम आहे, आणि माझ्या मुद्द्याला ते लागतही नाही. समजा पैशाचा संबंध नव्हता, पवारांनी केवळ मन बदलले म्हणून माघार घेतली. तरीही एका माणसाच्या मन बदलण्याने अख्ख्या मतदारसंघाचा निर्णय त्याच्या हातून जावा, हे बरोबर आहे का?

अंतागडच्या मतदाराने या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले. नाग पन्नास हजारांहून अधिक मतांनी जिंकले खरे, पण ‘नोटा’ला तेरा हजारांच्या वर मते पडली. ही मते कुठे पडली, हे ध्यानात घ्यावे लागेल. अंतागड अबूझमाडाच्या शेजारचा मुलूख. माओवाद्यांचा निवडणुकीवर बहिष्कार असे आणि बोटावरची शाई जिवावर बेतू शकत असे. शाई लावू नका, अशी मागणी बस्तरच्या गावांतून होत असे. गडचिरोलीच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. त्या जंगलात माओवाद्यांचे ‘जनताना सरकार’ होते, गावोगावी त्याच्या समित्या होत्या आणि त्या समित्यांवर एकाच पक्षाची हुकमत चाले. भारतात अक्षरशः एकपक्षीय म्हणावे असे राज्य कुठे होते, तर ते तिथे. गेल्या काही वर्षांत ते मोडकळीला आले आहे. त्या राज्यात ‘नको’ म्हणणाऱ्याला पोलिसांचा खबरी ठरवून मारले जाई. एका बाजूने मतदानच करू नका सांगणारी बंदूक, दुसऱ्या बाजूने जिच्यात निवडण्यासारखे फार काही ठेवलेलेच नाही अशी मतपत्रिका. या दोहोंच्या मधून हजारो माणसे बूथवर गेली आणि त्यांनी शेवटचे बटण दाबले. मतदानावर त्यांचा विश्वास नव्हता असे कोण म्हणेल? उमेदवारी ज्यांनी रिकामी केली, त्यांच्यापेक्षा या माणसांनी मताची किंमत जास्त ओळखली होती.

‘नोटा’चे बटण देशात सार्वत्रिक निवडणुकीत सर्वांत आधी दाबले गेले तेही याच भागात. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ ला निकाल दिला, आणि दीड महिन्याने, ११ नोव्हेंबरला, छत्तीसगड विधानसभेचा पहिला टप्पा बस्तर आणि राजनांदगाव भागात झाला. पुढच्या वर्षी बस्तर लोकसभा मतदारसंघात ‘नोटा’ला ३८ हजारांवर मते होती. ही मते काहींना अडाण्यांच्या चुका वाटतात, शेवटचे बटण म्हणून दाबले गेलेले बटण. तसे काही प्रमाणात होत असेलही. पण अंतागडात जेव्हा रिंगण रिकामे झाले, तेव्हा ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर आला, एकमेव प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे. चुकून होणारी गोष्ट इतकी वेळ साधून होत नाही.

भोजराज नाग यांची पुढची कथा मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते. २०२४ मध्ये ते कांकेर लोकसभेला उभे राहिले. अंतागड हा त्याच मतदारसंघाचा भाग. समोर काँग्रेसचे बिरेश ठाकूर, गावे पिंजून काढणारा, २०१९ मध्ये सात हजारांहून कमी मतांनी हरलेला माणूस. नाग जिंकले, पण आठ विधानसभा मतदारसंघांच्या त्या अवाढव्य जागेवर फक्त १,८८४ मतांनी. एका विधानसभेत पन्नास हजारांची आघाडी आणि आठांत मिळून दोन हजारही नाही. दहा वर्षांत माणूस तोच होता आणि पक्षही तोच. दुसऱ्या वेळी समोर तुल्यबळ उमेदवार होता, एवढाच काय तो फरक. १,८८४ मतांनी निवडून आलेला खासदार दुर्बल असतो, असे पक्षातले लोक म्हणतील. मला तो खरा निवडून आलेला खासदार वाटतो. आपल्याला कोणी पाडू शकते हे त्याला माहीत असते, आणि कोणत्या गावांनी आपल्याला नाकारले हेही तो यादी काढून सांगू शकतो.

इंदूरने हा प्रश्न मराठी माणसाच्या अंगणात आणला. सुमित्राताई महाजनांना आठ वेळा लोकसभेवर पाठवणारे, होळकरांचे, मराठी वस्तीचे शहर. २९ एप्रिल २०२४ ला काँग्रेसचे उमेदवार अक्षय बम यांनी अर्ज मागे घेतला आणि ते भाजपमध्ये गेले. बाकी उमेदवार राहिले म्हणून मतदान झाले. भाजपचे शंकर लालवानी पावणेबारा लाखांच्या फरकाने जिंकले, आणि ‘नोटा’ला २,१८,६७४ मते पडली. एवढा ‘नोटा’ देशात तोपर्यंत कुठे पडला नव्हता. काँग्रेसनेच तसे आवाहन केले होते, त्यामुळे ती मते म्हणजे पक्षाचीच मते, असे म्हणता येईल. म्हणेनात का. सव्वादोन लाखांच्या जवळपास माणसे उन्हात रांगेत उभी राहिली, हे तर खोटे नाही. पण त्यांच्या मतांनी कायद्याच्या दृष्टीने काहीही झाले नाही. ती मते दोन लाखांऐवजी वीस लाख असती, आणि एखाद्या उमेदवाराला एकच मत असते, तरी तो उमेदवार खासदार झाला असता. माझ्या कसोटीतला दुसरा प्रश्न हाच होता: नको म्हटल्यावर काही बिघडते का?

महाराष्ट्रात या विषयावर बोलायला गेले की अडचण येते, कारण आपल्याकडे बिनविरोध निवडीला मोठी प्रतिष्ठा आहे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. चीनच्या युद्धानंतरचे दिवस होते, आणि त्या निवडीचा अभिमान आजही सांगितला जातो. ग्रामपंचायत बिनविरोध करणाऱ्या गावाला आमदार आपल्या निधीतून बक्षीस जाहीर करतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. यामागची भावना मी हलकी लेखत नाही. निवडणुकीने गावात भावकी फुटते, विहिरीवरचे येणेजाणे बंद होते, पोरांची लग्ने अडतात. ज्याने हे जवळून पाहिले आहे त्याला ‘एकमताने करू या’ म्हणणारा सरपंच शहाणाच वाटणार. पण एकमत कोणाचे? देवळासमोरच्या बैठकीत कोणाचे मत विचारले जाते आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीवरून, बायकांकडून, सालगड्याकडून कितीजण त्या बैठकीत बोलू शकतात? मतदान कक्षात सालगडी आणि मालक यांचे मत सारखे असते. बैठकीत ते कधीच सारखे नसते. आणि बैठक पुढे कुठपर्यंत जाते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली, कारण तिथे पदांचा लिलाव झाल्याचे समोर आले. बोली लागली, रक्कम ठरली, ती देवळाच्या कामाला जायची होती, आणि बाकीच्यांनी अर्ज भरायचे नाहीत असा गावाचा शब्द होता.

लोकसभेच्या पातळीवर गावकीची जागा तिकीटवाटपाने घेतली आहे, आणि रायपूरची खरी गोष्ट इथे आहे. ज्या जागेवर एक पक्ष लाखोंनी जिंकतो, तिथे खासदार कोण हे मतदानाच्या दिवशी ठरत नाही. तिकिटाची यादी येते त्या रात्री ठरते. ही तक्रार भाजपपुरती नाही. काँग्रेसच्या सुरक्षित जागांवर वर्षानुवर्षे हेच झाले, आणि रायपूरच्या इतिहासात त्याचा ठळक प्रसंग १९३८ चा आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, होते नागपूरचे डॉ. ना. भा. खरे. त्यांच्या मंत्रिमंडळात रायपूरचे रविशंकर शुक्ल आणि द्वारकाप्रसाद मिश्र होते, आणि मराठी-हिंदी भांडण विकोपाला गेले होते. जुलैत खऱ्यांनी राजीनामा दिला, महाकोशलच्या, म्हणजे प्रांताच्या हिंदी भागातल्या, तीन मंत्र्यांनी श्रेष्ठींचा आदेश नाही म्हणून राजीनामा द्यायचे नाकारले, गव्हर्नरने त्यांना बडतर्फ केले आणि खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले. काही दिवसांतच काँग्रेसच्या श्रेष्ठींनी वर्ध्यात खऱ्यांना पायउतार व्हायला लावले आणि आमदारांनी शुक्लांना नेता निवडले. खरे चुकले होते, असेच बहुतेक इतिहासकार म्हणतील, आणि गव्हर्नरच्या हातून सहकाऱ्यांना काढण्यात त्यांचे चुकलेच. पण प्रांताचे सरकार कोणाचे, हा निर्णय विधिमंडळात झाला नाही, वर्ध्याच्या बैठकीत झाला. ती पद्धत आपण सोडली नाही. आजही मुख्यमंत्री ठरवायला दिल्लीहून निरीक्षक येतात आणि आमदारांची बैठक आधी ठरलेल्या नावाला हात वर करते. पक्ष बदलले, रिवाज राहिला.

पक्ष एकच असला तरी निवड जिवंत ठेवता येते, याचे उदाहरण आफ्रिकेत आहे. टांझानियात ज्युलियस न्येरेरेंनी १९६५ मध्ये एकपक्षीय राज्यघटना आणली. मुख्य भूमीवर टानू हा एकमेव पक्ष. पण प्रत्येक मतदारसंघात पक्षाने दोन उमेदवार द्यायचे आणि लोकांनी त्यातला एक निवडायचा, असा नियम केला. एकाचे चिन्ह कुदळ, दुसऱ्याचे घर. अर्थमंत्री पॉल बोमानी त्या निवडणुकीत हरले. मला न्येरेरेंची एकपक्षीय व्यवस्था हवी आहे असे कोणी समजू नये. विरोधी पक्षावर बंदी घालणारी व्यवस्था कितीही सज्जन माणसाने चालवली तरी ती अन्यायाचीच, आणि त्या दोन नावांची चाळणीही वरच लागत होती. तरी एवढे मान्य करावे लागते की त्या अर्थमंत्र्याला हरवण्याचे काम मतदारांनी केले. रायपुरात सात वेळच्या खासदाराला बाजूला करायचे काम मतदारांकडे आलेच नाही.

आपल्याकडे हे बदलण्याचा एक प्रयत्न झाला होता. २०१४ च्या लोकसभेआधी काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार निवडायचे ठरवले आणि त्यात वर्धाही होते. तिथून निवडलेला उमेदवार पुढे पडला, त्या वर्षी पक्षच बहुतेक ठिकाणी पडला, आणि तो प्रयोग तिथेच थांबला. एका पराभवावरून त्याला मूठमाती देणे घाईचे होते. जर्मनीत पक्षाचा मतदारसंघातला उमेदवार तिथल्या सभासदांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधींनी गुप्त मतदानाने निवडावा, अशी सक्ती कायद्यातच आहे. आपल्याकडे पक्षांना कायद्याने चिन्ह मिळते, आकाशवाणी-दूरदर्शनवर वेळ मिळतो, १९८५ च्या पक्षांतरबंदीने व्हिपची ताकद मिळते. एवढे घेणाऱ्या पक्षाकडून उमेदवार गुप्त मतदानाने निवडा, एवढी अपेक्षा करणे जास्त होत नाही. व्हिपमुळे तर ती अधिकच गरजेची होते, कारण एकदा निवडून आल्यावर खासदाराला पक्षाविरुद्ध मत देता येत नाही. त्याने कोणाचे ऐकायचे हे तिकीट देणाऱ्याच्या हाती जाते.

पक्षांतर्गत लोकशाहीला वेळ लागेल. कलम ५३ ला लागायचे कारण नाही. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण न्यायालयाची वाट न पाहता संसदेने ते बदलावे. एकच उमेदवार उरला तरी मतदान घ्यावे, ‘नोटा’सह. ‘नोटा’ला त्याच्याहून अधिक मते पडली तर नव्याने अर्ज मागवावेत, आणि नाकारलेल्या माणसाला त्या फेरीत उभे राहता येऊ नये. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घ्यायचा आदेश काढला होता. वाट दाखवलेली आहे. त्यांनीही बिनविरोध निवडीला मात्र हात लावला नाही.

अंतागडातल्यासारख्या माघारीसाठी आणखी एक सोपी दुरुस्ती आहे. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानाआधी वारला, तर कलम ५२ नुसार मतदान पुढे ढकलले जाते आणि पक्षाला दुसरे नाव द्यायला सात दिवस मिळतात. मुदतीच्या शेवटच्या क्षणी अर्ज मागे घेणाऱ्या किंवा सूचकांनी सह्या नाकारल्यामुळे बाद होणाऱ्या उमेदवाराच्या पक्षालाही तीच संधी द्यावी. उमेदवाराचा मृत्यू आणि उमेदवाराची खरेदी, दोन्हींत नुकसान मतदाराचेच होते. त्यातले दुसरे तर कोणी मुद्दाम घडवून आणलेले असू शकते.

खर्चाचा मुद्दा निघेल. एका माणसासाठी हजारो बूथ, हजारो कर्मचारी, निमलष्करी दले, कशाला? माझे उत्तर असे की अंतागडमध्ये हा सगळा खर्च झाला, हेलिकॉप्टरने मतदान पथके उतरवावी लागतात अशा मुलखात झाला, आणि त्यातून तेरा हजारांवर माणसांनी या रिंगणातले कोणीही आम्हाला मान्य नाही, असे सरकारी कागदावर नोंदवले. सुरतेत तो खर्च वाचला. तिथल्या सोळा लाख मतदारांपैकी किती जणांना मुकेश दलाल हवे होते आणि किती जणांना नको होते, याची नोंद सरकारदरबारी कुठेच नाही. कदाचित ते पाच लाखांनी जिंकले असते. सुरतेचा मागचा इतिहास पाहता तसेच वाटते. तसे असेल तर मतदान घ्यायला त्यांच्या पक्षाची हरकत असायचे कारणच नाही, आणि ही दुरुस्ती संसदेत मांडायला सर्वांत आधी पुढे यावे ते त्याच पक्षाने.